सोडणाऱ्याची तालीम

महावीर आप्पासाहेब चौगुले यांनी एकतीस वर्षांच्या मास्तरकीत हजारभर तरी पोरं आयांच्या पदरापासून सोडवून वर्गात नेली होती, आणि त्यांतलं एकही पोर पहिल्या तासाच्या पुढे रडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आयांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नसे. दरवर्षी शाळा उघडण्याच्या दिवशी ते जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकात उभे राहत आणि एकच वाक्य म्हणत, "बाई, तुम्ही जावा. दोन मिनिटांत गप्प होतंय."

त्यांचं शास्त्र साधं होतं. रडणाऱ्याला समजावण्यात अर्थ नसतो, त्याला काम द्यावं. बबन शेळके नावाचं एक पोर पहिल्या दिवशी फाटकाचा गज सोडायला तयार नव्हतं. मास्तरांनी त्याच्या हातात घंटेचा लाकडी टोला दिला आणि बजावलं, "हा खाली ठेवायचा नाही. शाळा सुटेपर्यंत तुझ्याकडं." बबन गप्प झाला. चौथीपर्यंत त्यानं तो टोला दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. हल्ली तो रेल्वेत आहे, हिरवा बावटा दाखवायला.

निवृत्तीनंतर ही गोष्ट ऐकायला मास्तरांना एकच श्रोता उरला होता, तो म्हणजे त्यांची नात पद्मजा, वय तीन वर्षं एक महिना. पदूला दुपारी झोपवायचं तर बबन लागायचा. गोष्टीत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती झोपेतून उठून दुरुस्त करायची.

अशा या मास्तरांना दोन हजार एक्केचाळीस सालच्या मे महिन्यात जेवणाच्या डब्याएवढ्या एका पेटीनं सांगितलं की मूल शाळेसाठी तयार आहे, तुम्ही नाही.

इथं थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढं जावं, पण मग पुढचा घोटाळा कळणार नाही आणि त्याला आमचा इलाज नाही.

घाबरलेल्या माणसाच्या तळहाताला घाम येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या घामात पाच-सहा हलके रेणू असतात, ते हवेत उडतात, आणि मोठ्यांच्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नसला तरी पाच वर्षांखालच्या मुलाला तो लागतो, हे दहा वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेनं दाखवून दिलं. हात धरणाऱ्याच्या तळव्याला भीती फुटली की नव्वद सेकंदांच्या आत मुलाच्या छातीतली धडधड वाढते. म्हणजे मूल शाळेला घाबरत नाही. त्याला सोडायला आलेला माणूस घाबरतो आणि मूल ते हुंगतं. "लेकराला सगळं कळतं बघ," असं म्हाताऱ्या बायका कायम म्हणत आल्या होत्या, पण त्या ते आलेख काढून म्हणत नसल्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रेणू सापडला की मोजायचं यंत्र येतं, यंत्र आलं की मर्यादा ठरते, आणि मर्यादा ठरली की मंडळ स्थापन होतं. बालसिद्धता मंडळानं मनगटाचा एक पट्टा काढला. त्याच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. भीतीचे रेणू त्याला चिकटले की त्यातून जाणारी वीज किंचित अडखळते. त्यात नाडीचे ठोके मिळवून शून्य ते शंभर असा आकडा निघतो. कागदोपत्री त्याला 'विलगीकरण सहनशीलता निर्देशांक' असं नाव होतं, लोक सोडांक म्हणत. ज्याचा सोडांक चाळीसच्या आत, त्यालाच मुलाला बालवाडीत सोडता आणि आणता येई. शिवाय प्रत्येकाच्या घामाची घडण बोटांच्या ठशासारखी ज्याची त्याची वेगळी असते. पट्टा तालमीच्या शेवटच्या चार दिवसांत हा गंधठसा टिपून घेतो आणि शाळेच्या फाटकाला कळवतो, म्हणजे भलत्याच माणसानं मूल न्यायचा प्रश्न उरत नाही. ही सोय माहितीपत्रकाच्या सतराव्या पानावर दिली होती. महावीर मास्तरांनी सोळा पानं वाचली होती.

तालमी सात होत्या, रोज सकाळी नऊला. मंडळानं घरी पाठवलेली ती पेटी हॉलच्या भिंतीवर पदूच्या विश्रामबागेतल्या बालवाडीचं हिरवं फाटक उमटवायची. सोडणाऱ्यानं मुलाचा हात सोडायचा, मुलानं आतल्या खोलीत जायचं, तिथं पेटीच्या भावंडातून दहा-बारा पोरांचा कलकलाट आणि एका ताईंचा आवाज यायचा. सोडणाऱ्यानं वीस मिनिटं बाहेर व्हरांड्यात थांबायचं. बस, एवढंच.

पहिल्या दिवशी फाटक उमटलं. पदूनं हात सोडला.

"आबा, जा," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तर व्हरांड्यात आले. मग चष्मा विसरला म्हणून आत गेले. चष्मा डोळ्यांवरच होता. परत आले. मग पदूची पाण्याची बाटली राहिली म्हणून गेले. आतून पदूच्या हसण्याचा आवाज येत होता. मास्तर खिडकीशी उभे राहून तो ऐकत होते. ती रडली असती तर काय करायचं हे त्यांना माहीत होतं. ती रडत नव्हती.

वीस मिनिटांनी पेटी म्हणाली, "अभिनंदन. पाल्याचा सोडांक नऊ. सोडणाऱ्याचा सोडांक अठ्ठ्याहत्तर. सोडणारा दोनदा परत आला. सोडणाऱ्याने दीर्घ श्वास घ्यावा आणि एखादा छंद जोपासावा."

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा मास्तरांनी जाहीर केलं की यंत्र उलटं बसलंय. ऋतुजा पूरनियंत्रण कक्षात होती. नवरा पुण्याला, शनिवारी यायचा, आणि जून ते सप्टेंबर तिचं अर्धं डोकं कृष्णेच्या पातळीवर असायचं. सकाळी आठला ती घर सोडायची, म्हणून तर सोडणारा म्हणून आबांचं नाव दिलं होतं. तिनं पट्टे उलटून पाहिले.

"पट्ट्यांवर नावं आहेत, आबा."

"मग नावं उलटी पडली असतील."

"आयर्विन पुलाला पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. तुम्ही अठ्ठ्याहत्तर आहात. एवढं पाणी सांगलीनं अजून पाहिलेलं नाही."

"मी एकतीस वर्षं..."

"माहिती आहे. पण ती लोकांची पोरं होती."

सहा वर्षांपूर्वी मास्तरांच्या पत्नी विमलताई गेल्या तेव्हा घरात एक शांतता येऊन बसली होती. पदूनं सहाव्या महिन्यात पुढं सरकायला लागून पहिलं काय केलं असेल तर त्या शांततेला घराबाहेर काढलं. तेव्हापासून सकाळचं दूध, दुपारचा बबन, संध्याकाळचा गणपती मंदिराचा फेरा, असा मास्तरांचा दिवस पदूच्या बोटाला धरून चालायचा. शाळा अडीच तासांचीच होती, पण ने-आण तरी आपल्या वाट्याला यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शेवटच्या चार तालमींत सोडणारा चाळीसच्या आत आला नाही तर काय, तेही पत्रकात होतं, आणि दुर्दैवानं पहिल्या सोळा पानांत होतं. मंडळ अधिकृत सोडणारी पाठवायचं. पिवळं जाकीट घातलेली बाई यायची, मुलाचं बोट धरायची, शाळेत सोडायची, परत आणायची, वर्षभर. घरच्यांनी दारातून टाटा करायचा. तिची पात्रता एकच होती: कुठल्याच मुलाशी तिचं काही नातं नसे, त्यामुळे तिचा सोडांक बाराही महिने सहाच्या आसपास असायचा.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दीर्घ श्वास घेतले. चौऱ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी त्यांनी छंद म्हणून शब्दकोडं घेतलं. आडवा शब्द, तीन अक्षरी, अर्थ 'ताटातूट'. एक्याऐंशी.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेनऊला दादू मगदूम पैलवान घरी आले.

मगदूम पैलवान मास्तरांचे वर्गमित्र. दोघं एका बाकावर बसायचे, म्हणजे मगदूम बसायचे आणि उरलेल्या चार बोटं जागेत मास्तर. आयुष्यात त्यांना एकदाच घाम फुटला होता, तोही उन्हामुळे, असं गावात बोललं जायचं. नाडीचे ठोके बसल्या जागी अठ्ठेचाळीस. सकाळी दूध प्यायलं की नऊ ते साडेनऊ खुर्चीतल्या खुर्चीत ध्यान लावायचे, त्या ध्यानाचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा.

"हे काय बांधालाय मास्तर मला? राखी?"

"घड्याळ आहे म्हण. तू फक्त बस."

"बसायचं हाय व्हय? मग आधी सांगायचं की. मला वाटलं काम हाय."

पदूनं सगळं नीट पाहिलं. "आबा, तुझा पट्टा पैलवानआजोबांना का?"

"ते पण तालमीतलेच आहेत," मास्तर म्हणाले. हे खोटं नव्हतं, पण खरं म्हणावं असंही नव्हतं.

भिंतीवर फाटक उमटलं. पदूनं आबांचा हात सोडला आणि आत गेली. मास्तर व्हरांड्यात येरझारा घालत राहिले, मगदूम खुर्चीत घोरत राहिले. वीस मिनिटांनी पेटी जरा वेळ गप्प बसली. तिच्या आवाजात आश्चर्याची सोय केलेली नव्हती, नाहीतर ते इथं वापरलं गेलं असतं.

"सोडणाऱ्याचा सोडांक चार," ती म्हणाली. "छंद लागू पडलेला दिसतो."

चार दिवस असं चाललं. मगदूमांना दोन पेले दूध, पदूला नवा श्रोता, कारण जाग आल्यावर मगदूम तिच्याकडून बबनची गोष्ट ऐकायचे आणि दरवेळी नव्यानं विचारायचे, "मग टोला खाली ठिवला का त्यानं?" "नाही," पदू म्हणायची. "खाली ठेवायचा नसतो."

ऋतुजानं पाचव्या दिवशी रात्रीचं जेवण वाढता वाढता फोनवर आलेख पाहिला. मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"आबा, तुमचे ठोके अठ्ठेचाळीस?"

"श्वासाचा व्यायाम."

"काल जिना चढून आलात तेव्हा मी मोजले होते. एकशे चार."

"जिना वेगळा, मन वेगळं," मास्तर म्हणाले. ऋतुजाचा फोन वाजला, कोयनेच्या विसर्गाची बैठक होती, आणि विषय तेवढ्यावर राहिला.

सातव्या तालमीनंतर पत्र आलं. जिल्ह्यात आजवर इतका कमी सोडांक कुणाचा आला नव्हता. मंडळानं श्री. महावीर चौगुले यांना 'आदर्श सोडणारा' ठरवलं होतं, सोबत छातीला लावायचा बिल्ला होता, आणि शाळेच्या मुख्याध्यापिका नेर्लेकर मॅडम यांची विनंती होती की पहिल्या दिवशी फाटकापाशी सरांनी इतर पालकांना दहा मिनिटं मार्गदर्शन करावं.

इथं मास्तरांना नाही म्हणता आलं असतं. पण निवृत्त शिक्षकाला कुणी दहा मिनिटं बोलायला बोलावलं आणि तो नाही म्हणाला, असं उदाहरण आमच्या तरी ऐकिवात नाही. त्यांनी बिल्ल्याला ब्रासो लावला.

पहिल्या दिवशी फाटकापाशी पन्नासेक माणसं होती. दारात आंब्याचं तोरण होतं, आत चौरंगावर लाल रंग कालवलेलं ताट आणि पांढरे कागद, प्रवेश घेणाऱ्या पोरांच्या पावलांचे ठसे घ्यायला. ही जुनी पद्धत तेवढी मंडळानं बदलली नव्हती, कारण पावलातून काय मोजायचं ते अजून सापडलं नव्हतं. पिवळं जाकीट घातलेली अधिकृत सोडणारी एका बाजूला उभी राहून नखं पाहत होती. ऋतुजानं तासाभराची सुट्टी काढली होती. पदूच्या पायात नव्या लाल चपला होत्या. मास्तर इस्त्रीच्या शर्टात, छातीवर बिल्ला, हातात मार्गदर्शनाचं टिपण, आणि टिपणाचा कागद तळहाताला चिकटलेला.

आणि मगदूम पैलवान आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चार दिवसांत त्यांना पोरीचा लळा लागला होता, म्हणून फेटा बांधून, पेढ्यांचा पुडा घेऊन, कौतुकानं आले होते. फाटकापाशी चप्पल काढायला ते वाकले आणि आधाराला म्हणून त्यांनी शेजारच्या पाटीवर हात टेकला. ती पाटी गंधठसा ओळखायची होती.

"स्वागत आहे, महावीर चौगुले," फाटक गोड आवाजात म्हणालं. "सोडांक चार. कृपया पाल्य पद्मजा हिला आत सोडावे." आणि उघडलं.

मगदूमांनी मागं वळून पाहिलं, कोण आलंय बघायला.

"मला म्हणालंय व्हय? मी दादू मगदूम की."

मास्तर घाईघाईनं पुढं झाले, टिपण खिशात कोंबलं, हात शर्टाला पुसला आणि पाटीवर ठेवला. फाटक मिटलं.

"अनोळखी व्यक्ती. कृपया पाल्याचा हात सोडा."

नेर्लेकर मॅडम हातातल्या टॅबवर बोट फिरवत जवळ आल्या. तिशीच्या, नीटनेटक्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या बाई होत्या.

"सर, काहीतरी तांत्रिक अडचण दिसते."

"तांत्रिकच आहे," मास्तर म्हणाले.

"पट्टा पैलवानआजोबांनी घातला होता," पदू म्हणाली. "ते रोज दूध प्यायचे आणि झोपायचे. आबा बाहेर फिरायचा."

यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण मास्तरांनी सांगितलं. पोरांना खोटं बोलायचं नाही म्हणून एकतीस वर्षं सांगितलेल्या माणसाला ते भर फाटकात सांगावं लागलं, बिल्ल्यासकट. "माझा आकडा उतरत नव्हता, मॅडम. हिला मीच सोडावं, मीच आणावं एवढंच होतं. चूक माझी. पैलवानांना यातलं काही माहीत नाही."

"मला अजून बी न्हाई," मगदूम म्हणाले.

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. ऋतुजा शांत होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "नदीचा आलेख इतका सपाट आला की आम्ही आधी मीटर बघायला माणूस पाठवतो."

नेर्लेकर मॅडमनी नियम पाहिले. नियम चौदा-ब. ओळखीबाबत वाद झाल्यास फाटकावर नव्यानं मोजणी, मुदत दहा मिनिटं. चाळीसच्या आत आला तर ठीक, नाहीतर अधिकृत सोडणारी, वर्षभर. त्यांनी एक नवा पट्टा मास्तरांच्या मनगटाला बांधला, पदूच्या हाताला तिचा होताच. फाटकावरच्या चौकोनात दोन आकडे उमटले. पदू अकरा. मास्तर त्र्याऐंशी.

मास्तरांनी दीर्घ श्वास घेतला. पंच्याऐंशी. पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी नखं पाहणं थांबवलं आणि विचारलं, "कुठली, ही का?"

अठ्ठ्याऐंशी. मास्तरांनी पदूचा हात घट्ट धरला. आणि मग शेजारचा आकडा हलला. अकराचे अठरा झाले. पंचवीस. पदूनं वर पाहिलं. तिला कशाचं वाईट वाटतंय ते तिला कळत नव्हतं, पण वाटत होतं. खालचा ओठ पुढं आला. तेहेतीस.

एकतीस वर्षांत मास्तरांनी असे ओठ हजार पाहिले होते आणि दरवेळी दोष आयांना दिला होता. हा ओठ आपल्या तळहातातून निघालाय, हे त्यांना आकड्यात लिहिलेलं दिसत होतं.

त्यांनी हात सोडला.

"न्या तिला, बाई," ते पिवळ्या जाकिटाला म्हणाले. "मॅडम, राहू द्या मोजणी. हिला रडवून मला सोडायचं नाही. माझ्याकडून होत नाही." आणि ते दोन पावलं बाजूला सरले, बिल्ला काढायला लागले. टाचणी निघेना.

बाई पुढं आल्या आणि त्यांनी बोट पुढं केलं. पदूनं ते पाहिलं नाही. ती आबांकडे पाहत होती. आबांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, नाक लाल झालं होतं, आणि ते फाटकाच्या गजाला धरून उभे होते. हे चित्र तिला पाठ होतं. दुपारी दीड वाजता बबनच्या गोष्टीत ती ते रोज पाहायची.

ती खाली बसली. एक चप्पल काढली, मग दुसरी. उठून आबांपाशी गेली आणि दोन्ही चपला त्यांच्यापुढं धरल्या.

"धर."

मास्तरांनी धरल्या. गज सुटला.

"खाली ठेवायच्या नाहीत," पदू म्हणाली. "शाळा सुटेपर्यंत तुझ्याकडं."

"बरं," मास्तर म्हणाले.

"अशा नाही. सरळ. माती लागते."

मास्तरांनी चपला सरळ धरल्या, तळवे खाली, पट्टे वर, दोन्ही हातांवर, पूजेचं ताट धरावं तशा. त्यांची मापं त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिली. डाव्या चपलेचं बक्कल किंचित सैल होतं, ते पडेल म्हणून त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं. मग उजवीचंही पाहिलं.

"सत्तर," ऋतुजा हळूच म्हणाली. ती फाटकावरचा चौकोन पाहत होती, आणि तिचा आवाज पुराच्या रात्री कक्षात असतो तसा झाला होता. "एकसष्ट. उतरतंय. पन्नास."

"मास्तर, बक्कल मी धरू का?" मगदूमांनी विचारलं.

"हात लावू नकोस. मला दिलंय."

"त्रेचाळीस." आकडा चाळीसवर आला आणि थबकला. पन्नास माणसं कृष्णेच्या पुलावर उभी असल्यासारखी बघत होती. मास्तर बघत नव्हते. त्यांना वेळ नव्हता.

"एकोणचाळीस," ऋतुजा म्हणाली.

"स्वागत आहे, महावीर चौगुले," फाटक म्हणालं. "कृपया पाल्य पद्मजा हिला आत सोडावे."

पदूनं वाट पाहिली नाही. ती अनवाणी होतीच, त्यामुळे ठशांच्या ताटात पहिला नंबर तिचा लागला. लाल पावलं कागदावर उमटवून, थोडी फरशीवरही उमटवून, ती मागं न बघता वर्गात गेली. पदू सात. मास्तर एकतीस.

नेर्लेकर मॅडमनी नव्या गंधठशाची नोंद केली, आणि नियमभंगाबद्दल कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते शोधू लागल्या. तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या माणसाचा आकडा चौकोनात आला. टायवाला, तिशीतला बाप, सोडांक सहासष्ट, कमरेला पोर बिलगलेलं. पिवळ्या जाकिटानं त्याच्याकडे पाहिलं.

"ओ साहेब," मास्तर चपला न हलवता म्हणाले. "पोराचा डबा घ्या हातात. उघडायचा नाही. आडवा करायचा नाही, भाजीचं तेल गळतंय. मधल्या सुट्टीत इथंच आणून द्यायचा. जबाबदारी तुमची."

टायवाल्यानं डबा घेतला. पोरानं बापाकडे संशयानं पाहून सांगितलं, "पप्पा, आडवा नको." अठ्ठावन्न. पंचेचाळीस. अडतीस.

मग एका आजीबाईंना टोपी मिळाली, एका आईला अर्धी खाल्लेली काकडी, एका मामाला एक जिवंत किडा, काडेपेटीत, हवा लागेल इतपत उघडी ठेवून. फाटक उघडत गेलं. मगदूम पेढे वाटत होते. पिवळ्या जाकिटातल्या बाईंनी दोन घेतले आणि त्या दिवसापुरतं जाकीट काढून घडी करून ठेवलं. मार्गदर्शन दहा मिनिटांचं ठरलं होतं, ते चाळीस मिनिटं चाललं, आणि टिपणाचा कागद मास्तरांच्या खिशातच राहिला.

ऋतुजा निघताना जवळ आली. "आबा, घरी जाऊन बसा. साडेअकराला या. चपला पिशवीत घालून देऊ का?"

"खाली ठेवायच्या नाहीत म्हणालीय."

"पिशवी म्हणजे खाली नव्हे."

मास्तरांनी विचार केला. "तिला विचारल्याशिवाय नको," ते म्हणाले. ऋतुजानं त्यांच्या छातीवरचा वाकडा झालेला बिल्ला सरळ केला, जो आता निघतच नव्हता, आणि ती नदीकडे गेली.

साडेअकराला फाटक उघडलं तेव्हा समोरच्या कट्ट्यावर सात-आठ मोठी माणसं एका ओळीत बसली होती, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. मामा काडेपेटीशी हळू आवाजात बोलत होता. पदू धावत आली. तळपायाला लाल रंग, हातात एक चुरगळलेला कागद, गालावर कुणाचा तरी खडू. सगळ्यात आधी तिनं चपला तपासल्या, वरून आणि मग तळव्यांकडून.

"खाली ठेवल्यास?"

"नाही."

"एकदापण नाही?"

मास्तर घुटमळले. खोट्याचा कोटा त्यांनी या वर्षापुरता संपवला होता. "एकदा. नाक खाजवायला. पण मांडीवर ठेवल्या."

पदूनं यावर बराच विचार केला. मागं मगदूम पैलवान श्वास रोखून उभे होते.

"मांडीवर चालतं," ती शेवटी म्हणाली, आणि पाय पुढं केला. मास्तर गुडघ्यावर बसून बक्कल लावू लागले. "उद्या परत तुलाच देते."